एका गाण्याचा व्हिसा

हिप-हॉपला तक्रार लागते. तक्रार काढून घेतली तर मागे नुसतं यमक उरतं, आणि नुसत्या यमकावरच निभवायचं असेल तर माणसानं मंगलाष्टकं लिहावीत; तिथे निदान जेवण तरी मिळतं. ११ ऑगस्ट १९७३ ला न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात, १५२०, सेजविक ॲव्हेन्यू या पत्त्यावर, कूल हर्क नावाच्या पोरानं बहिणीच्या पार्टीत रेकॉर्डी वाजवल्या आणि तिथून हे सगळं सुरू झालं असं मानतात. त्या काळी ब्रॉन्क्समध्ये इमारती जळत होत्या, कामधंदा नव्हता, शहराच्या तिजोरीत खडखडाट होता. म्हणजे कच्चा माल दारात येऊन पडलेला.

आता हाच धंदा दुबईत काढून बघा. तरुण कवी सकाळी वही घेऊन अन्याय शोधायला बाहेर पडतो. रस्त्यात खड्डा नाही. दिवे गेलेले नाहीत. ते कधी जातच नाहीत. उन्हात बसची वाट बघत व्यवस्थेला चार शब्द सुनवावेत म्हटलं, तर बसथांब्यालाच एसी. पुण्यातल्या रॅपरला सोसायटीच्या गेटपासून कोपऱ्यावरच्या अमृततुल्यापर्यंत जाऊन येईतो एक अख्खा अल्बम मिळतो: पार्किंग, पाणी, मांडव, भोंगा, आणि वर चहा. दुबईतला बिचारा संध्याकाळी कोरी वही घेऊन घरी परततो. उन्हाळ्यात एक तक्रार तेवढी खरी असते. गार पाण्याच्या नळाला चटका बसेल असं पाणी येतं, कारण गच्चीवरच्या टाक्या तापलेल्या असतात. मग इथे राहणारे आम्ही गिझर बंद ठेवतो आणि त्याच्या टाकीत साठलेलं पाणी 'गार' म्हणून वापरतो. १९९२ मध्ये बाबा सहगलचं 'ठंडा ठंडा पानी' आलं तेव्हा भारतातली मुलं त्यावर नाचली. आखातातल्या लोकांनी ते हात जोडून ऐकलं असणार.

अशा या तक्रारमुक्त प्रदेशात दोघा सख्ख्या भावांनी हिप-हॉप करायचं ठरवलं. सालेम आणि अब्दुल्ला दहमान. दुबईचे, इमिराती. मंचावरची नावं इल्मिया आणि अरबलीक, ग्रुपचं नाव डेझर्ट हीट. २००८ मध्ये त्यांचा 'व्हेन द डेझर्ट स्पीक्स' हा अल्बम आला आणि 'कीप इट डेझर्ट' हे गाणं गाजलं. आजही यूएईतल्या हिप-हॉपची गोष्ट कुणी सांगायला बसलं की सुरुवातीला हे नाव येतं, आणि नावापाठोपाठ हेच गाणं.

पोशाखाचा प्रश्न त्यांच्यापुढे नव्हता. अमेरिकेतल्या रॅपरांना ढगळ कपडे मुद्दाम विकत घ्यावे लागले. इथला कंदुरा, म्हणजे पुरुषांचा पायघोळ झगा, मुळातच ढगळ. अडचण एवढीच की तो पांढराशुभ्र आणि कडक इस्त्रीचा असतो, त्यामुळे रस्त्याच्या कडेला उकिडवं बसून जगाकडे रागानं बघण्याची जी रॅपची खास बैठक आहे ती घेता येत नाही. बंडखोरी उभ्यानंच करावी लागते.

आणि तक्रार? ती त्यांना सापडली, आणि चांगली घसघशीत सापडली. आम्हाला कुणी ओळखत नाही! बाहेरच्या जगात अरब म्हणजे तेल, उंट आणि विमानतळावर बाजूला घेऊन केलेली जादा चौकशी. घरी यावं तर आणखीच पंचाईत. यूएईत दहा माणसांतला जेमतेम एक इमिराती. बाकीचे नऊ मलप्पुरम, मनिला, लाहोर, कैरो, सांगली अशा ठिकाणांहून आलेले. स्वतःच्याच गावात एखाद्यानं आपल्याला 'मूळचे कुठले तुम्ही?' असं विचारणं म्हणजे काय, हे दादरला उतरून हिंदीत पत्ता विचारणाऱ्या मराठी माणसाला वेगळं समजावून सांगायला नको. साहजिकच दोघा भावांनी बरंचसं रॅप इंग्रजीत केलं. भूमिपुत्राचं गाऱ्हाणं पाहुण्यांना कळेल अशा भाषेत मांडायचं, तर दुसरा इलाज काय?

गाण्याचं नाव आणि साल मात्र शेजारी शेजारी ठेवून बघा. वाळवंटाशी इमान राखा म्हणणारं हे गाणं आलं २००८ मध्ये. त्याआधी तीन वर्षं दुबईच्या एका मॉलमध्ये खराखुरा बर्फ पाडून त्यावर स्की करायची सोय झाली होती. समुद्रात खजुराच्या झाडाच्या आकाराचं बेट तयार झालं होतं आणि त्याच्या टोकावरच्या अटलांटिस हॉटेलच्या थाटामाटाच्या उद्घाटनाला नोव्हेंबर २००८ मध्ये आतषबाजीनं आभाळ उजळून निघालं. जगातली सगळ्यात उंच इमारत महिन्यागणिक मजले चढवत होती. थोडक्यात, त्या साली दुबईत वाळवंट बघायचं म्हटलं तर टॅक्सी करून जावं लागत होतं, आणि टॅक्सीवाला पेशावरचा असल्यामुळे त्यालाही ते कुठे आहे हे फोन करून विचारावं लागे. मग जगभरची मंदी इथे येऊन थडकली. क्रेन जागच्या जागी थांबल्या, नियोजित बेटं कागदावर राहिली, टॉवरच्या पाट्यांमागे नुसती वाळू. गाण्याचा सल्ला कुणी मनावर घेतला नव्हता, पण अंमलबजावणी झाली.

गाणं हिट होण्याची इथली प्रक्रिया जरा वेगळी आहे, तीही सांगून टाकते. भाडं परवडतं म्हणून लोक शारजात राहतात आणि पगार मिळतो म्हणून दुबईत काम करतात. या दोन सत्यांच्या मधे अल इत्तिहाद रोड आहे. सकाळी त्यावर गाड्यांचा जो मुरांबा होतो, त्यात प्रत्येक गाडीत एकेक माणूस आणि एकेक रेडिओ. कुणाचा व्हर्जिनवर, कुणाचा हिंदी सिटी १०१.६ वर, कुणाचा मल्याळम हिट ९६.७ वर. गाडी हलत नाही, उतरता येत नाही, काच खाली करायची तर बाहेर भट्टी. इतर देशांत आरजेला श्रोते मिळतात. आमच्या आरजेला कैदी मिळतात. एकच गाणं साहारा मॉलपासून अल मुल्ला प्लाझापर्यंत तीनदा लागलं की माणसाला ते आपोआप आवडायला लागतं. मानसशास्त्रात याला काहीतरी नाव आहे म्हणे, आणि ते स्वीडनमधल्या शहराचं आहे.

तरीही, दोन पोरं माइकवर यमकं जुळवत उभी राहिली म्हणून इमिराती आजोबा दचकले असतील असं मला वाटत नाही. त्यांच्याकडे तगरुदा नावाचा प्रकार आहे. उंटावरून वाळवंट ओलांडताना स्वारांचे दोन गट एकमेकांना छोट्या, उत्स्फूर्त कविता गाऊन प्रत्युत्तर देतात. वाद्य नाही, ओळी सात किंवा त्याहून कमी, ताल उंटाच्या चालीचा. युनेस्कोनं २०१२ मध्ये तगरुदाला वारशाच्या यादीत घेतलं. म्हणजे ब्रॉन्क्सच्या कितीतरी आधी इथे शब्दांची देवाणघेवाण फिरत्या गाडीवरून चालू होती, गाडीला चार पाय होते इतकंच. आपल्याकडेही कलगीवाले आणि तुरेवाले शक्ती मोठी की शिव मोठा यावर रात्र रात्र एकमेकांना कोंडीत पकडायचे, आणि शक्ती-तुऱ्याचे सामने मुंबईतल्या नाट्यगृहांत अजून तिकीट लावून होतात. फरक मोबदल्यात आहे. अबू धाबीच्या दूरचित्रवाणीवर 'मिलियन्स पोएट' ही नबती, म्हणजे बोलीभाषेतल्या अरबी, कवितेची स्पर्धा चालते, तिचं पहिलं बक्षीस पन्नास लाख दिरहम आहे. २०१० मध्ये हिस्सा हिलाल ही सौदी कवयित्री कट्टरपंथी फतव्यांवर टीका करणारी कविता वाचून तिसरी आली, तिला तीस लाख दिरहम मिळाले. मराठी कवींनी कृपया याचे रुपये करू नयेत. रक्तदाबाची गोळी आणि शाल-श्रीफळ एकाच कपाटात असतं, हात भलतीकडे जायचा.

तर, एक गाणं गाजलं. मराठी माणसाची यावरची प्रतिक्रिया ठरलेली आहे: "पुढे काय केलं?" आमच्याकडे दहावीला बोर्डात आलेल्या मुलीला पेढा भरवता भरवता अकरावीचं विचारतात. पुण्याच्या हृषीकेश कानिटकरचंच घ्या. १८ जानेवारी १९९८, ढाका, पाकिस्तानविरुद्ध अंतिम सामना, ३१५ धावांचं लक्ष्य, दोन चेंडू आणि तीन धावा बाकी. सकलेन मुश्ताकला त्यानं चौकार मारला आणि विषय संपवला. एकूण तो चौतीस एकदिवसीय सामने आणि दोन कसोट्या खेळला, रणजी करंडक जिंकून देणारा कर्णधार झाला. पण पेठेतल्या कुठल्याही कट्ट्यावर नाव काढा, उजेड पडतो तो फक्त त्या एका चौकारावर. आमच्या शारजाच्या मैदानानं तर याहून मोठा अन्याय केला आहे. १९८६ च्या एप्रिलमध्ये इथेच चेतन शर्माच्या शेवटच्या चेंडूवर मियाँदादनं षटकार मारला. पुढच्याच वर्षी त्याच चेतन शर्मानं नागपुरात न्यूझीलंडचे तीन त्रिफळे ओळीनं उडवले, विश्वचषकातली पहिली हॅटट्रिक. लोकांना आठवतो तो शारजाचा एक चेंडू. मियाँदादला एक फटका पुरला आणि शर्माजींना तोच पुरून उरला.

यूएईत राहिल्यावर माझी मात्र एका गाण्यावर जगणाऱ्यांकडे बघण्याची दृष्टी बदलली. इथे आम्ही सगळेच कुणाच्या तरी जिवावर आहोत, अगदी कायद्याच्या भाषेत. नवरा कंपनीच्या व्हिसावर, मी नवऱ्याच्या, मुलं त्याच्याच. ठरावीक मुदत संपली की रक्त द्या, छातीचा एक्स-रे काढा, फोटोत हसू नका, की पुढची मुदत. स्पॉन्सरनं हात काढून घेतला तर सामान बांधायचं. एकाच गाण्यानं ओळखल्या जाणाऱ्या ग्रुपचा स्पॉन्सर म्हणजे ते गाणं. ग्रुपनं गाण्याला जन्म दिला हे खरं, पण कागदोपत्री ग्रुप हा गाण्याचा अवलंबित आहे. मी आईला इथे आणते तेव्हाही आमची कागदपत्रं नेमकी अशीच उलटी लागतात.

या बाबतीत अटलांटाच्या टॅग टीमला मी गुरू मानते. सेसिल ग्लेन आणि स्टीव्ह गिब्सन, दोघे मित्र. ग्लेन एका क्लबात डीजे होता; तिथे लोकांच्या तोंडी असलेलं एक आरोळीवजा वाक्य उचलून त्यांनी १९९३ मध्ये 'व्हूम्प! देअर इट इज' केलं. त्याच सुमाराला, किंबहुना किंचित आधी, ९५ साउथ नावाच्या दुसऱ्या ग्रुपनं जवळपास त्याच नावाचं गाणं काढलेलं. एकाच गल्लीत दोन 'मूळ' मस्तानीवाले असावेत तसं. टॅग टीमचं गाणं अमेरिकेच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर सात आठवडे ठाण मांडून बसलं. पहिला क्रमांक कधीच मिळाला नाही. खप मात्र चाळीस लाखांच्या घरात. पुढे त्यांची रेकॉर्ड कंपनी बुडाली आणि गाण्याच्या मालकीवरून वर्षानुवर्षं कोर्टकचेरी झाली.

दुसरं गाणं गाजलं नाही. मग त्यांनी काय केलं? पहिल्यालाच पुन्हा कामाला लावलं. त्याच वर्षी 'ॲडम्स फॅमिली व्हॅल्यूज' या चित्रपटासाठी भुतांच्या कुटुंबाची आवृत्ती निघाली (तिला सर्वांत वाईट गाण्याचं रॅझी मिळालं, पण पुरस्कार तो पुरस्कार). १९९४ मध्ये डिस्नेच्या 'मिकी अनरॅप्ड' या अल्बमसाठी मिकी माऊसची आवृत्ती निघाली. आणि २०२० च्या डिसेंबरात, पहिल्या यशानंतर सत्तावीस वर्षांनी, गायको या विमा कंपनीच्या जाहिरातीत हे दोघे एका बाईंच्या स्वयंपाकघरात आइस्क्रीम वाढताना दिसले, आणि शब्द तेच, फक्त 'व्हूम्प'च्या जागी 'स्कूप'. जाहिरात अशी गाजली की मुलांना वाटलं नवीनच कुणी आलंय. मुदतवाढ कशी घ्यावी याचा हा वस्तुपाठ आहे. भूत, उंदीर, आइस्क्रीम. अर्जावरचं कारण बदलायचं, फोटो तोच लावायचा.

आता आमच्या इथल्या मराठी मंडळातल्या रॅप ग्रुपकडे यायला हरकत नाही. मी तिथली निवेदिका. निवेदिकेचं काम अवघड नसतं: ध्वनिक्षेपकात बिघाड होतो तेव्हा सुरेश भटांवर बोलायचं आणि प्रायोजकांची नावं दोनदा घ्यायची. पण या ग्रुपची ओळख करून देताना माझी दरवर्षी दमछाक होते, कारण विशेषणं संपली आहेत आणि गाणं तेच आहे.

१ जुलै २००७ ला दुबईत सालिक सुरू झाला. सालिक म्हणजे रस्त्यावरचा टोल: कमानीखालून गाडी गेली की काचेवरच्या चकतीतून तेव्हा चार दिरहम कापले जायचे, नाका नाही, शिपाई नाही, हुज्जत घालायला माणूसच नाही. इथल्या मराठी समाजाला हा धक्का मोठा होता. पैसे गेल्याचं तितकंसं वाटलं नाही, हुज्जतीची संधी गेली त्याचं वाटलं. त्या गणेशोत्सवात आमच्यातल्या चौघांनी ही तुंबलेली हुज्जत रॅपमध्ये ओतली. शब्द ऑडिटर काकांचे. तोंडानं ठेका धरायला एक ड्राफ्ट्समन. एक एसी विकणारा इंजिनिअर, त्याच्या गळ्यात बायकोचा गोफ. अमेरिकेत रॅपरच्या गळ्यातली साखळी खरी की खोटी यावर वाद होतात, आमची गोल्ड सूकच्या बिलासकट दाखवता येत होती. चौथा नुसताच गॉगल लावून मान हलवायचा, पण त्याच्याकडे मोठी गाडी होती आणि स्पीकर तीतच मावत.

गाण्याचं सगळं शिल्प 'चार' या आकड्यावर उभं होतं. कार, यार, भार, शारजापार, आणि शेवटी सुट्टीचा शुक्रवार. सभागृह अक्षरशः उठून नाचलं. वयाची साठी उलटलेल्या, भेटीला आलेल्या सासवांनी शिट्ट्या वाजवल्या. त्या रात्रीपासून कुणी काकांना भेटलं की नमस्काराऐवजी चार बोटं दाखवतं.

दुसऱ्या वर्षी त्यांनी नवं गाणं बसवलं. विषय घरभाडं, माझ्या मते पहिल्यापेक्षा सरस. "ग्रुप यंदा नवीन रचना सादर करत आहे," असं मी म्हटलं मात्र, आणि सभागृहाच्या मागच्या चार रांगा वडापावच्या टेबलाकडे सरकल्या. बसून राहिलेल्यांनी शांतपणे ऐकलं, सभ्यपणे टाळ्या वाजवल्या आणि मग एका सुरात मागणी केली, "चार! चार! चार!" चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. ऑडिटर काकांनी गॉगल परत चढवला. त्या क्षणी ते कलाकार न राहता आपल्याच गाण्याचे व्हिसाधारक झाले.

तेव्हापासून फक्त नूतनीकरण. ९ सप्टेंबर २००९ ला रात्री नऊ वाजून नऊ मिनिटं आणि नऊ सेकंदांनी मेट्रो सुरू झाली, ग्रुपला एक कडवं मिळालं. २०२० चा गणपती घराघरांत झूमवर बसला. चौघे चार खिडक्यांत. काकांचं 'कार' आमच्यापर्यंत पोचायचं तेव्हा ड्राफ्ट्समनचा 'भार' आधीच येऊन गेलेला असायचा. जगात यमकाच्या आधी उत्तर येणारं ते पहिलं रॅप असावं. २०२२ च्या जानेवारीत सरकारनं साप्ताहिक सुट्टी शुक्रवार-शनिवारची शनिवार-रविवार केली. आम्हाला वाटलं आता गाण्याचा शेवट कोसळणार. पण मराठी पंचांगकारांची दूरदृष्टी बघा, प्रत्येक दिवसाच्या शेवटी 'वार' ठेवला आहे. यमकाला खरचटलंसुद्धा नाही.

दरम्यान माणसं गळायला लागली होती. आखातात ग्रुप कलहानं फुटत नाहीत, नोकरीनं फुटतात. ड्राफ्ट्समन दोह्याला गेला. एसीवाला कॅनडाला, मिसिसागाला. त्यांच्या जागी नवी मुलं आली, त्यांतल्या एकाचा तर सालिक सुरू झाला तेव्हा दुधाचा दात पडत होता. मग कानावर आलं की मिसिसागावाला तिकडच्या मंडळात तेच गाणं म्हणतो, स्वतःच्या नावानं. तिथे सालिक नाही, पण ४०७ नावाचा टोलचा महामार्ग आहे. त्यानं 'चार'च्या जागी 'चारशे सात' घातलं आणि मग यमकासाठी भात, वात, दात अशी वणवण केली. काका संतापले. मी त्यांना शुगरहिल गँगची गोष्ट सांगितली. १९७९ मध्ये 'रॅपर्स डिलाइट' म्हणणारे ते तिघे. त्यांतला बिग बँक हँक पिझ्झाच्या दुकानात काम करत होता, आणि त्यानं गायलेल्या ओळी ग्रँडमास्टर कॅझ नावाच्या मित्राच्या वहीतल्या होत्या. इतक्या इमानदारीनं उचललेल्या, की कॅझचं टोपणनावही तसंच गाण्यात राहून गेलं. पुढे रेकॉर्ड कंपनीच्या मालकांशी असं बिनसलं की वंडर माइक आणि मास्टर जी या दोघांना आपलीच नावं वापरता येईनात, आणि मालकांचा मुलगा मास्टर जी म्हणून कार्यक्रम करू लागला. त्यावर पुढे एक माहितीपटच निघाला, 'आय वॉन्ट माय नेम बॅक'. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "सातबारा कुणाच्या नावावर होता?"

खरा घाव बसला ३१ जानेवारी २०२५ ला. त्या दिवसापासून सालिकचा दर वेळेनुसार बदलू लागला. कामाच्या दिवशी सकाळी सहा ते दहा आणि संध्याकाळी चार ते आठ, सहा दिरहम. मधल्या वेळात चार. रात्री एक ते पहाटे सहा फुकट. ज्या गाण्याला वाळूची वादळं, मंदी आणि महामारी हलवू शकली नव्हती त्याचा पायाच दोन दिरहमांनी खचला. 'सहा'ला यमक आहे, 'चहा' आणि 'पहा', पण त्यावर कोण नाचणार? तातडीची बैठक झाली. तरुण मुलांचं म्हणणं, नव्यानं लिहू. त्या दिवसांत मराठी पोरांच्या तोंडी क्रेटेक्स आणि श्रेयसचं 'तांबडी चामडी' होतं. २०२४ मध्ये ते नेदरलँड्सच्या स्पिनिन रेकॉर्ड्सकडून निघालं आणि परदेशी डीजेसुद्धा मराठी शब्दांवर हात वर करू लागले. आपणही तसं काहीतरी करू, असं पोरांचं मत पडलं. काका ऑडिटर असल्यामुळे त्यांनी परिपत्रक दोनदा वाचलं होतं. ते म्हणाले, "चारचा दर रद्द कुठे झालाय? सकाळी दहा ते दुपारी चार तो लागू आहे." त्या वर्षीपासून गाण्याआधी मला एक सूचना वाचावी लागते: "रसिकहो, पुढील गाणं ऑफ-पीक वेळेतलं आहे, याची कृपया नोंद घ्यावी." या सूचनेलाच आता गाण्याहून जास्त टाळ्या पडतात, त्यामुळे ग्रुपमध्ये थोडी कुरबुर आहे.

मध्यंतरी कुणीतरी काकांच्या डोक्यात भरवलं की यूएईचा दहा वर्षांचा गोल्डन व्हिसा कलावंतांनाही मिळतो. भरवणाऱ्याचं चुकलं नव्हतं. संजय दत्तला मिळाला, शाहरुख खानला मिळाला. काका निवृत्तीला आले आहेत, कंपनीचा व्हिसा संपणार, आणि परत सांगलीला जाऊन चार बोटं दाखवली तर लोक चार कप चहा आणून ठेवतील. त्यांनी रीतसर फाईल तयार केली आणि निवेदिका म्हणून माझी शिफारस हवी, असं सांगत घरी आले. सरबत होईपर्यंत मी फाईल चाळली. 'प्रमुख कलाकृती' या मथळ्याखाली सुबक तक्ता होता: सालिक गीत (मूळ), सालिक गीत (मेट्रो), सालिक गीत (दूरस्थ), सालिक गीत (सुधारित सुट्टी), सालिक गीत (ऑफ-पीक). खाली एकूण, पाच.

मी म्हटलं, "काका, हे एकच गाणं आहे. एकच मालमत्ता पाच वेळा दाखवलीत. उद्या ऑडिटला आलं तर?"

"अगं," काका सरबताचा पेला खाली ठेवत म्हणाले, "ऑडिटर मीच आहे ना!"